फरदडीचा हिशेब

होळीच्या आत वावर मोकळं झालं पाहिजे, हा आमच्या आजीचा दंडक. अकोट तालुक्यातलं गाव, कपाशीचं घर. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटायची आणि बंडी भरभरून घरी आणायची. वर्षभराचं जळण तेच. आजोबांनी चालढकल केली तर ती म्हणायची, "पऱ्हाटी वावरातच राह्यली त चुलीत का मी हात घालू?" अळीचा विचार यात कुणाच्या मनातही नसे. पण चूल पेटती ठेवता ठेवता गुलाबी बोंडअळीचं घर आपोआप मोडलं जाई. जळणाच्या ढिगातही अळी तग धरते खरी, पण पावसाळ्यापर्यंत ढीग बराच सरलेला असे.

वडिलांच्या गोष्टी मात्र औषधांच्या. आधी एन्ड्रिन, ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड. नव्वदच्या दशकात हिरव्या अळीवर तीही चालेनाशी झाली. फवारण्या वाढल्या, कृषी केंद्राची उधारी फुगली. २००२ साली बीटी कपाशी आली आणि पंप काही वर्षं खुंटीला लागला. तो फायदा खरा होता, नाकारण्यात अर्थ नाही.

दरम्यान घरात गॅस आला, विहिरीला मोटर बसली. ओलिताची सोय असलेल्यांनी कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत राखून फरदड घ्यायला सुरुवात केली. दोन पैसे जास्तीचे मिळत, पण गुलाबी अळीलाही तेवढे महिने खायला मिळे. बीटीचं विष ती पचवू लागली. २०१७ मध्ये विदर्भभर तिने डाव साधला. पाकळ्या गुंतून मिटलेली डोमकळी उकलली की आत अळी. वरून धड दिसणारं बोंड फोडलं की पिवळट, चिकटलेली कवडी. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तो खर्च कुठल्या वहीत मांडायचा?

या अळीची पहिली शास्त्रीय नोंद १८४० च्या दशकातली, भरुचच्या कपाशीवरची. १९१७ मध्ये ती टेक्सासात सापडली. अमेरिकेने बीटी, कामगंध, वांझ पतंग आणि वेळेवर पऱ्हाटी नष्ट करणं हे सगळं एकत्र राबवलं. २०१८ मध्ये तिथली कपाशी तिच्यापासून मुक्त जाहीर झाली. तिथले शेतकरीही त्या खर्चात वाटेकरी होते.

आपल्याकडे अडतं ते इथेच. फरदडीचे पैसे एकाच्या खिशात जातात, नुकसान पुढच्या खरिपात अख्ख्या शिवाराला वाटलं जातं. एकट्याने वावर मोकळं केलं तरी शेजारच्या बांधावरून पतंग येतोच. "फरदड घेऊ नका" असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण हातातलं पीक सोडणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळतं? पऱ्हाटीचा पांढरा कोळसा होतो, कारखान्यांच्या भट्ट्यांत तो जळतो. तो माल उचलणारा ट्रॅक्टर जानेवारीतच गावात आला आणि उपटणीची मजुरी सुटून वर चार पैसे उरले, तर वावर मोकळं करा म्हणून कुणाला विनवावं लागणार नाही.