संदेशसेतू

संदेशसेतू : परस्परांशी न जोडलेल्या दोन तत्काळ संदेश-सेवांच्या ग्राहकांना एकमेकांशी संदेशांची देवघेव करता यावी, म्हणून त्या सेवांच्या मध्ये चालविण्यात येणारी संगणकीय यंत्रणा. तिला गेटवे, ट्रान्सपोर्ट किंवा ब्रिज असेही म्हणतात. पत्रांच्या बाबतीत देशोदेशींच्या टपालखात्यांना जोडण्याचा प्रश्न १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या कराराने सुटला. ई-मेललाही १९८२ मध्ये एसएमटीपी ही सामाईक नियमावली (प्रोटोकॉल) लाभली. तत्काळ संदेशांना मात्र असा सर्वमान्य करार लाभला नाही. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांतून संदेशसेतू निर्माण झाले.

पार्श्वभूमी : इझ्राएलमधील मिराबिलिस या कंपनीने १९९६ मध्ये आयसीक्यू ही सेवा सुरू केली. अमेरिका ऑनलाइन (एओएल) या कंपनीची एआयएम ही सेवा १९९७ मध्ये आली व पुढील वर्षी याच कंपनीने मिराबिलिस विकत घेतली. प्रत्येक सेवेची नियमावली वेगळी व गुप्त असे. एका सेवेचा ग्राहक दुसऱ्या सेवेतील मित्राला दिसत नसे. परिणामी ज्या सेवेत मित्रपरिवार अधिक, तीच सेवा स्वीकारणे भाग पडे. जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर ही सेवा सुरू करताना तिच्यातून एआयएमच्या ग्राहकांशीही बोलण्याची सोय केली. एओएलने ती बंद पाडली, मायक्रोसॉफ्टने आज्ञावली बदलून ती पुन्हा चालू केली व हा प्रकार वारंवार घडला. शेवटी एओएलने आपल्याच आज्ञावलीतील एका दोषाचा उपयोग करून अस्सल व परका ग्राहक ओळखण्याची युक्ती योजली. नोव्हेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

जॅबर व त्याचे सेतू : अमेरिकन आज्ञावलीकार जेरेमी मिलर यांनी १९९८ मध्ये जॅबर प्रकल्पाला आरंभ केला व जानेवारी १९९९ मध्ये तो जाहीर केला. या प्रणालीत केंद्रीय मालक नव्हता. कोणतीही संस्था वा व्यक्ती आपला सर्व्हर चालवून इतरांच्या सर्व्हरशी जोडू शकत असे. भिन्न सेवांशी संपर्क साधण्याचे काम ग्राहकाच्या संगणकावर न सोपविता सर्व्हरलगत चालणाऱ्या सेतूंवर सोपविण्यात आले. ही नियमावली एक्सएमपीपी या नावाने ऑक्टोबर २००४ मध्ये आंतरजालाच्या मानकांत प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती : ग्राहक प्रथम सेतूकडे नोंदणी करून परक्या सेवेतील आपले नाव व संकेतशब्द त्याच्या स्वाधीन करतो. सेतू ग्राहकाच्या वतीने त्या सेवेत प्रवेश करतो, तेथील परिचितांची यादी आणतो व प्रत्येक परिचिताला सेतूच्या नावाने संपणारा पत्ता देतो. त्यानंतर परिचित उपस्थित आहे की नाही ही माहिती आणि येणारे-जाणारे संदेश यांचे दोन्ही बाजूंस भाषांतर चालते. एका सेवेत असलेली व दुसरीत नसलेली सोय या भाषांतरात गळून पडते.

सेतुचालकापुढील अडचणी : मूळ सेवेने नियमावली बदलली की सेतू बंद पडतो व बदल शोधून दुरुस्ती करावी लागते. एकाच सर्व्हरवरून अनेक ग्राहक प्रवेश करीत असल्याने मूळ सेवेला संशय येतो व तो सर्व्हर सहज अडविता येतो. याहून गंभीर बाब विश्वासाची होय. इतरांचे संकेतशब्द सेतूजवळ राहतात आणि प्रत्येक संदेश त्याच्यातून जातो. टोकापासून टोकापर्यंत गूढलिपीत जाणारा संदेशही नेहमीच्या सेतूवर उलगडून पुन्हा गूढलिपीत घालावा लागतो. त्या क्षणी तो सेतुचालकाला वाचता येतो.

शासकीय हस्तक्षेप व सद्यःस्थिती : एओएल व टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणास संमती देताना अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने जानेवारी २००१ मध्ये भावी प्रगत संदेश-सेवांसाठी परस्परजोडणीची अट घातली, परंतु ती २००३ मध्ये उठविण्यात आली. गूगलने २००५ मध्ये एक्सएमपीपीवर आधारित गूगल टॉक सुरू करून पुढील वर्षी ती इतर सर्व्हरांसाठी खुली केली, तथापि २०१३ मध्ये आणलेल्या हँगआउट्स या नव्या सेवेत ही खुली जोडणी ठेवली नाही. एआयएम २०१७ मध्ये व आयसीक्यू २०२४ मध्ये बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये बीपर मिनी या आज्ञावलीने अँड्रॉइड दूरध्वनीवरून ॲपलच्या आयमेसेज सेवेशी जोडणी साधली, ती ॲपलने काही दिवसांतच रोखली. १९९९ मधील संघर्षाचीच ही पुनरावृत्ती होती. यूरोपीय संघाच्या २०२२ च्या अंकीय बाजारपेठ कायद्याने मात्र व्हॉट्सॲप व मेसेंजर यांवर, सुरक्षिततेची पातळी राखून, मागणी करणाऱ्या अन्य सेवांशी जोडणी देण्याचे बंधन घातले. त्याचे पालन मार्च २०२४ पासून अपेक्षित होते.

संदेशसेतूंच्या या इतिहासावरून असे दिसते की, दोन सेवांच्या भाषांचे भाषांतर करणे हे त्यामानाने सोपे काम आहे. ते करण्याची परवानगी कोणाच्या हाती असावी, हाच मूळ वाद आहे. सेतू अनुमतीवाचून उभारता येतो, पण अनुमतीवाचून फार काळ टिकविता येत नाही. त्यावर विसंबणाऱ्या ग्राहकाचे संबंध मात्र त्याच्या स्वतःच्या मित्रांशी असतात, सेवेच्या मालकाशी नव्हे.