केरेन्स्की : दोन डगरींवरचा नेता

रशियन क्रांती म्हटली की लेनिनचे नाव आपोआप ओठावर येते. ते स्वाभाविकही आहे. इतिहास हा बहुधा जिंकणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. परंतु १९१७ साली रशियात एक नव्हे, दोन क्रांत्या झाल्या. पहिलीने झारचे तख्त उलथले आणि दुसरीने त्या पहिल्या क्रांतीतून जन्मलेले सरकार उलथले. या दोहोंच्या मध्ये पुरते आठ महिनेही गेले नाहीत. त्या काळात जो माणूस रशियाचा सर्वात लाडका पुढारी होता आणि अखेरीस ज्याच्या मागे उभे राहायला राजधानीत मूठभर शिपाईही उरले नाहीत, त्याचे नाव अलेक्झांडर केरेन्स्की. क्रमिक पुस्तकांत त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि पुढे जातात. त्या एका ओळीमागे काय दडले आहे, ते आज आपल्यापुढे मांडावे असे मनात आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. त्या काळी रशियाची दिनदर्शिका आपल्या आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १३ दिवस मागे होती. म्हणूनच तेथील ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या हिशेबाने मार्चमध्ये आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरमध्ये झाली. या लेखातील तारखा आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे दिल्या आहेत.

एक गाव, एक शाळा

व्होल्गा नदीच्या काठी त्या काळी सिंबिर्स्क नावाचे गाव होते. तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते फ्योदर केरेन्स्की. त्यांच्या शाळेत व्लादिमीर उल्यानोव्ह नावाचा एक हुशार विद्यार्थी होता. १८८७ साली झारच्या खुनाच्या कटात सामील झाल्याबद्दल व्लादिमीरच्या थोरल्या भावाला फाशी झाली. फाशी गेलेल्याच्या भावाला चांगला दाखला देणे हे सरकारी नोकरीतील माणसाच्या दृष्टीने धोक्याचेच होते. तरीही फ्योदर केरेन्स्की यांनी त्याला सुवर्णपदक मिळू दिले आणि विद्यापीठासाठी उत्तम शिफारस लिहून दिली. तोच विद्यार्थी पुढे लेनिन या नावाने जगाला माहीत झाला.

त्या वेळी मुख्याध्यापकांचा मुलगा अलेक्झांडर अवघा ६ वर्षांचा होता. ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यावरून वडिलांनी मायेचा हात फिरवला, त्याच विद्यार्थ्याने तीस वर्षांनी मुलाची सत्ता हिसकावून घ्यावी! कादंबरीकाराने असे लिहिले असते, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

१८८९ साली फ्योदर केरेन्स्की यांची तुर्कस्तान प्रांतात शाळा तपासनीस म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब ताश्कंदला गेले. अलेक्झांडरचे शालेय शिक्षण या मुसलमानी शहरातच झाले. पुढे सेंट पीटर्सबर्गला त्याने कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. ही वकिली पैशाची नव्हती. राजकीय खटल्यांतील आरोपी, शेतकरी, कामगार यांची बाजू तो मांडू लागला. १९१२ साली सैबेरियातील लेना नदीच्या परिसरात सोन्याच्या खाणींतील संपकरी मजुरांवर गोळीबार झाला. त्याच्या चौकशीसाठी केरेन्स्की तेथे गेला आणि त्याचे नाव देशभर झाले. त्याच वर्षी तो ड्यूमावर, म्हणजे रशियाच्या विधिमंडळावर, निवडून आला.

तुर्कस्तानचा आक्रोश

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक घटना येथे सांगितली पाहिजे. पहिले महायुद्ध चालू असताना १९१६ साली झारने फर्मान काढले की मध्य आशियातील १९ ते ४३ वर्षे वयाच्या मुसलमान पुरुषांना सैन्याच्या पिछाडीची कामे करण्यासाठी सक्तीने न्यावे. आधीच त्यांच्या जमिनी रशियन वसाहतवाल्यांकडे गेल्या होत्या. त्यातच कोणाला न्यायचे याच्या याद्या करताना लाचलुचपतीला ऊत आला. धनवानाचा मुलगा सुटे आणि गरिबाचा जाई. बंड पेटले. झारच्या फौजेने ते निर्दयपणे चिरडले आणि गावेच्या गावे उजाड झाली.

अशा वेळी ड्यूमातील मुसलमान प्रतिनिधी तेव्केलेव्ह यांच्यासह केरेन्स्की तुर्कस्तानात गेला. प्रत्यक्ष पाहणी करून परतल्यावर ड्यूमापुढे त्याने जो वृत्तांत ठेवला, त्यात दोष बंडखोरांच्या नव्हे, तर राज्यकारभाराच्या माथी मारला होता. युद्ध चालू असताना परधर्मीयांच्या बंडाबद्दल स्वतःच्याच सरकारला जाब विचारणे, हे सोपे काम नव्हते. केरेन्स्कीच्या पुढच्या चुका मोजताना ही जमेची बाजू आपण विसरता कामा नये.

उदय

मार्च १९१७ मध्ये राजधानी पेत्रोग्राडमध्ये पावाच्या रांगांत उभ्या असलेल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. कारखाने बंद पडले. ज्या शिपायांना गोळ्या झाडायला सांगितले, तेच जमावाला मिळाले. १५ मार्च रोजी झार निकोलस दुसरा याने राज्यत्याग केला. तीनशे वर्षांचे रोमानोव्ह घराण्याचे राज्य आठवडाभरात संपले.

आता राज्य कोणाचे? एकीकडे ड्यूमातील पुढाऱ्यांनी हंगामी सरकार स्थापले. त्यात जमीनदार, प्राध्यापक, उद्योगपती असे प्रतिष्ठित लोक होते. दुसरीकडे कामगार आणि शिपाई यांच्या प्रतिनिधींची सोव्हिएत उभी राहिली. सरकारजवळ खुर्ची होती, पण जोर नव्हता. सोव्हिएतजवळ जोर होता, पण खुर्चीची जबाबदारी तिला नको होती. या दोन्ही ठिकाणी बसणारा माणूस एकच होता : हंगामी सरकारचा न्यायमंत्री आणि सोव्हिएतचा उपाध्यक्ष, ३५ वर्षांचा केरेन्स्की.

सुरुवातीचे दिवस त्याच्या आयुष्यातील सोन्याचे दिवस होते. संतप्त जमाव झारच्या मंत्र्यांना फाडून खायला निघाला असता तो मध्ये उभा राहिला आणि त्यांचे प्राण वाचवले. फाशीची शिक्षा रद्द झाली. राजकीय कैदी सुटले. धर्म आणि वंश यांवरून घातलेली सर्व कायदेशीर बंधने २ एप्रिल रोजी रद्द झाली. मे महिन्यात मॉस्को येथे अखिल रशियन मुस्लिम परिषद भरली. तीत शेकडो प्रतिनिधी आले, त्यांत शंभराच्या आसपास स्त्रिया होत्या आणि परिषदेने स्त्रियांच्या समान हक्कांचा ठरावही केला. झारच्या अमदानीत अशा परिषदेची कल्पनाही करवली नसती. त्याच उन्हाळ्यात रशियन स्त्रीला मतदानाचा अधिकार मिळाला. इंग्लंडच्या स्त्रिया तेव्हा त्याची वाटच पाहत होत्या. रशियातील या उलथापालथीचे पडसाद आपल्या देशातही उमटले. १९१८ सालच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने त्यांची दखल घेतली आहे.

तीन प्रश्न आणि एकच उत्तर

मग बिघडले कोठे? वाचकहो, सामान्य रशियन माणसाच्या मागण्या तीनच होत्या : युद्ध थांबवा, जमीन द्या, पाव द्या. या तिन्हींवर हंगामी सरकारचे उत्तर एकच होते, “थोडे थांबा.” जमिनीचा निर्णय निवडून आलेली घटना समिती करील. युक्रेनचा, फिनलंडचा, इतर राष्ट्रकांचा प्रश्नही घटना समितीच सोडवील. आणि घटना समितीची निवडणूक? तीही पुढे ढकलली जात होती.

कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चूक नव्हते. आपण लोकांनी निवडलेले नाही, तेव्हा एवढे मोठे निर्णय आपण घेऊ नयेत, हा विचार प्रामाणिकच होता. परंतु भुकेल्याला नियमावली वाचून दाखवली तर त्याचे पोट भरत नाही. शेतकऱ्यांनी वाट पाहिली नाही, त्यांनी जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ते ऐकून खंदकातले शिपाई, जे गणवेशातील शेतकरीच होते, आपला वाटा चुकू नये म्हणून घराकडे पळू लागले.

मे महिन्यात केरेन्स्की युद्धमंत्री झाला. मित्रराष्ट्रांना दिलेला शब्द मोडायचा नाही, असे त्याचे मत होते. तो आघाडीवर गावोगाव फिरला, मोटारीत उभा राहून भाषणे केली. त्याचे वक्तृत्व असे की शिपाई त्याला खांद्यावर घेत. परंतु भाषणाचा अंमल दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नसे. १ जुलै रोजी सुरू झालेली चढाई पहिल्या काही दिवसांनंतर फसली. जर्मनांनी उलट हल्ला केला आणि रशियन फौज पळत सुटली. त्या पराभवाबरोबर केरेन्स्कीची अर्धी पुण्याईही गेली.

जुलैच्या मध्यास पेत्रोग्राडमध्ये सशस्त्र शिपाई आणि कामगार रस्त्यावर उतरले. ते बंड मोडले. लेनिनच्या अटकेचे हुकूम सुटले आणि तो फिनलंडकडे निसटला. २१ जुलै रोजी केरेन्स्की पंतप्रधान झाला. चारच दिवसांनी सरकारने आघाडीवर देहान्ताची शिक्षा पुन्हा लागू केली. चार महिन्यांपूर्वी फाशी बंद करणारा न्यायमंत्री तो हाच!

कोर्निलोव्ह प्रकरण

शिस्त आणण्यासाठी केरेन्स्कीने जनरल कोर्निलोव्हला सरसेनापती नेमले. दोघांनाही अराजक नको होते, पण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. एका उपद्व्यापी मध्यस्थाने इकडचे तिकडे सांगून घोटाळा वाढवला. केरेन्स्कीने तारयंत्रावर त्या मध्यस्थाचे नाव घेऊन कोर्निलोव्हशी संभाषण केले, त्यावरून सरसेनापतीला सत्ता हवी आहे असा निष्कर्ष काढला आणि ९ सप्टेंबर रोजी त्याला बडतर्फ केले. कोर्निलोव्हने हुकूम मानला नाही. त्याची फौज राजधानीकडे निघाली.

या फौजेत कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातील मुसलमान घोडेस्वारांचे एक पथक होते. लोक त्याला ‘रानटी पथक’ म्हणत. त्यांना भेटायला पेत्रोग्राडहून मुसलमानांचे शिष्टमंडळ गेले आणि त्यांच्या भाषेत त्यांची समजूत घातली. त्या स्वारांनी पुढे जाण्याचे नाकारले. रेल्वे कामगारांनी रूळ उखडले, गाड्या अडवल्या. गोळीबार जवळजवळ न होताच बंड विरघळले. रानटी म्हणवल्या गेलेल्यांनी त्या दिवशी शहाणपण दाखवले, हे नमूद करायला हवे.

पण या विजयाची किंमत जबर होती. राजधानीच्या रक्षणासाठी बोल्शेविक कामगारांच्या हाती हजारो बंदुका गेल्या आणि त्या परत आल्या नाहीत. उजव्यांना वाटले, केरेन्स्कीने सेनापतीचा घात केला. डाव्यांना वाटले, तो सेनापतीला आतून सामील होता. दोन डगरींवर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही डगरी एकाच वेळी सरकल्या.

अस्त

१४ सप्टेंबर रोजी रशिया प्रजासत्ताक जाहीर झाला, परंतु तो उत्सव कोणाच्या मनात नव्हता. बोल्शेविकांना पेत्रोग्राड सोव्हिएतमध्ये बहुमत मिळाले आणि ट्रॉट्स्की तिचा अध्यक्ष झाला. केरेन्स्की हिवाळी राजवाड्यात राहत होता. ज्यांच्यासाठी तो लढला, त्यांच्यापासून आता तो भिंतींनी तुटला होता. ७ नोव्हेंबर रोजी सकाळी मदतीची फौज आणण्यासाठी तो मोटारीने शहराबाहेर पडला. त्याच रात्री त्याचे मंत्री राजवाड्यात कैद झाले. तो स्त्रीचा वेष घेऊन पळाला, ही कथा खोटी आहे. विरोधकांनी ती पसरवली आणि जन्मभर ती त्याला चिकटली. खरे असे की काही शे कोसॅक स्वारांसह तो परत लढायला आला. पुल्कोवो येथे त्यांचा पराभव झाला आणि आपल्याच लोकांकडून पकडले जाण्याची पाळी आली, तेव्हा तो खलाशाच्या वेषात निसटला.

ज्या निवडणुकीसाठी सारे खोळंबले होते, ती त्या महिन्यातच झाली. बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते पडली, तर केरेन्स्कीच्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला त्यांहून कितीतरी अधिक. १८ जानेवारी १९१८ रोजी घटना समिती एकदाच भरली आणि दुसऱ्या दिवशी तिला टाळे लागले. हीच निवडणूक मे-जूनमध्ये झाली असती तर? ‘जर-तर’ला इतिहासात स्थान नसते, पण विचाराला असते.

केरेन्स्की १९१८ मध्ये देशाबाहेर गेला तो कायमचा. फ्रान्समध्ये, नंतर अमेरिकेत त्याने अर्धशतक काढले. हंगामी सरकारच्या कागदपत्रांचे तीन खंड त्याने एका अमेरिकन अभ्यासकासह संपादून १९६१ साली प्रसिद्ध केले. लेनिन १९२४ साली गेला, ट्रॉट्स्की १९४० साली मारला गेला, स्टालिन १९५३ साली वारला. केरेन्स्की मात्र ११ जून १९७० पर्यंत जगला. वयाच्या ८९ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो वारला, तेव्हा तेथील रशियन चर्चने त्याच्या दफनास नकार दिला. रशिया बुडाला तो याच्यामुळे, असा त्यांचा राग होता. अखेर त्याचा देह लंडनला नेऊन तेथे पुरण्यात आला.

काय घ्यावे?

केरेन्स्कीच्या कथेवरून पुष्कळ जण म्हणतात की क्रांतीच्या वादळात मवाळांचे काम नाही. प्रस्तुत लेखकाला हे पटत नाही. मवाळपणा म्हणजे रक्तपात टाळणे, विरोधकालाही न्याय देणे, कायद्याचा मान राखणे. या गोष्टी केरेन्स्कीने केल्या, तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. तो पडला तो मवाळपणामुळे नव्हे, तर दिरंगाईमुळे. लोकांना नको असलेले युद्ध त्याने आजच चालवले आणि लोकांना हवी असलेली जमीन उद्यावर टाकली. घाई कशाची करावी आणि धीर कशात धरावा, याचा क्रम उलटा झाला.

मवाळ माणसाला आपली भूमिका टिकवायची असेल, तर त्याने जहालांपेक्षा अधिक तत्परतेने लोकांची गाऱ्हाणी दूर केली पाहिजेत. संयम बोलण्यात असावा, कामात नव्हे. गल्लीतील समितीपासून मोठ्या संस्थेपर्यंत, ज्यांच्या हाती चार माणसांचा कारभार आहे, त्या प्रत्येकाला हे लागू पडते. “पुढच्या बैठकीत पाहू” हे वाक्य आपण किती वेळा उच्चारतो, याचा ज्याने त्याने हिशेब करावा. पेत्रोग्राडच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या बायांना पुढच्या बैठकीपर्यंत थांबता येत नव्हते.