मातीकामाचा मक्ता : करार, माप आणि टोपली

जमीन साफ करणे, पाया खणणे, माती वाहून नेणे या कामांसाठी माणूस नेमण्याच्या व्यवहाराला मराठीत एकच एक नाव नाही. अरबी मुळाचा ‘मक्ता’ दप्तराच्या वाटेने आला, ‘कंत्राट’ युरोपीय संपर्कातून रुळले, मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ रूढ आहे. आणि रायपूरच्या चौबे कॉलोनीत, जेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तेथील मराठी बोलण्यात भोवतालच्या हिंदीतला ‘ठेकेदार’ सहज येतो. शब्द निरनिराळे असले तरी व्यवहाराची घडण समान आहे. जमीन एकाची, पत्करलेले काम दुसऱ्याचे आणि श्रम तिसऱ्याचे. कराराच्या कागदावर पहिल्या दोघांच्या सह्या असतात. तिसरा त्या कागदात मापाच्या रूपानेच उरतो. म्हणून मातीकामाच्या कराराचा इतिहास हा बऱ्याच अंशी मापाचा इतिहास आहे.

बांधकाम पूर्ण झाल्यावर भिंत दिसते. खोदाई पूर्ण झाल्यावर मात्र केवळ पोकळी उरते. काढलेल्या मातीचा पुरावा राहावा म्हणून खड्ड्यात मूळ उंचीचे मातीचे खुंट राखून ठेवण्याची पद्धत पडली. त्यांवरून खोली मोजायची, लांबी-रुंदीने गुणायचे आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने आकडा वहीत चढवायचा. माती किती अंतरावर टाकली आणि किती उंच चढवली, यानुसार दर बदलतो. या चढवण्याला ‘उचल’ म्हणतात, आणि मजुराला हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचे नावही ‘उचल’च आहे. एकाच शब्दात डोक्यावरचे ओझे आणि डोक्यावरचे कर्ज एकत्र यावे, हा केवळ भाषिक योगायोग मानता येत नाही. मोजणी होईपर्यंत पैसा नाही आणि पैसा नसल्यामुळे उचल घेणे भाग, अशी ही साखळी आहे.

ही साखळी तुटण्याच्या बेतास आलेली पहिली मोठी घटना बोरघाटात घडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या या चढाचे काम मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार १८५६ च्या आरंभी सुरू झाले. मक्ता विल्यम फेव्हिएल यांच्याकडे होता. मुख्य मक्तेदाराखाली पोटमक्तेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली टोळी, अशा पायऱ्यांनी पैसा खाली उतरत असे आणि प्रत्येक पायरीवर अडू शकत असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि युरोपीय देखरेख्यांवर हल्ले झाले. मार्चमध्ये फेव्हिएल यांनी मक्ता सोडला. त्याच वर्षी तो सॉलोमन ट्रेडवेल यांना देण्यात आला. भारतात उतरल्यावर अवघ्या काही दिवसांत ते निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ॲडॅमसन आणि क्लाउझर या व्यवस्थापकांमार्फत काम तडीस नेले. १८६१ मध्ये घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मार्ग खुला केला.

मक्तेदारांची नावे अशी एकामागून एक सांगता येतात, मजुरांची येत नाहीत. उद्रेकानंतर झालेला १८६० चा नववा कायदा याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकाली काढावेत, अशी तरतूद त्यात होती. पण त्याच कायद्याने काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षापात्रही ठरवले. मजूर कायद्याच्या भाषेत आला तो हक्कदार आणि संभाव्य गुन्हेगार अशा दुहेरी रूपात.

घाटानंतरच्या चार दशकांत रेल्वेची मातीकामे मध्य प्रांतातून छत्तीसगढपर्यंत पोहोचली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत तर माती वाहणे हेच असंख्य कुटुंबांचे जगण्याचे साधन झाले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात बेलदार, ओड, वडार अशा खणणाऱ्या जातींची नोंद आहे. मात्र ती जातींची नोंद आहे, माणसांची नव्हे. याच प्रदेशात पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे, सहसंपादक रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे हे तिघेही मराठी घरांतले. १९०१ मध्ये त्यात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली.

कथेतील जमीनदाराला वाड्याच्या आवारासाठी शेजारच्या विधवेच्या झोपडीची जागा हवी असते, आणि कचेरीच्या मार्गाने ती तो मिळवतो. विधवा झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. जागा मोकळी करण्याचा व्यवहार कागदावर पूर्ण झालेला असताना कथा मालकाच्या हातात मातीचे वजन देते. करार घनफळ मोजतो, कथा वजन मोजते. विधवा मजूर नाही आणि जमीनदार मक्तेदार नाही, हे भेद ध्यानात ठेवूनही मापातला हा बदल तुलनेसाठी महत्त्वाचा ठरतो. मराठी घरातला लेखक हिंदीत लिहितो आणि ‘टोकरी’ हे भाषा बदलूनही न बदलणारे श्रमाचे माप निवडतो.

तथापि कथेचा शेवट मालकाच्या पश्चात्तापात होतो. बोरघाटाच्या इतिहासात तसा पश्चात्ताप आढळत नाही. तेथे उत्तर कायद्यातच शोधावे लागले. १८६० चा कायदा १९३२ मध्ये रद्द झाला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने, कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. पण वीस वा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच. घराचा पाया खणणारी चार-सहा जणांची टोळी त्याबाहेरच राहिली. कायद्याने मालकाच्या हाताशी टोपली आणली, हे खरे. मात्र लहान टोपल्या त्याच्या हिशेबात आल्या नाहीत. मातीकामाचे करार, मोजणीच्या वह्या आणि टोपलीची कथा हे एकाच व्यवहाराचे पाठ म्हणून शेजारी ठेवले, तर सही नसलेला तिसरा माणूस कोठे गळतो, ते नेमके दाखवता येते.