गिरणगावातील दादा आणि संप

इंदूरच्या मालवा आणि हुकुमचंद गिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले, त्यांना मुंबईचे गिरणगाव परके वाटू नये. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथील वस्त्यांवर ‘दादा’ मंडळींचा अंमल होता. दादाची स्वतःची तालीम असे. तो चाळीतील तंटे मिटवी, उत्सवांत पुढाकार घेई आणि त्याच मनगटाच्या जोरावर धाकही बसवी. कामगार भरती करणारा जॉबर आणि कर्ज देणारा सावकार, दोघांनाही त्याची गरज भासे.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप झाला आणि वस्तीतील या वैराला निराळे वळण लागले. घोडपदेवचे केशवदादा बोरकर यांनी आपल्या तालमीचे बळ संपविरोधकांच्या पाठीशी उभे केले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यकर्त्यांशी त्यांचा उघड संघर्ष झाला.

याला निव्वळ गुंडगिरी म्हणता येत नाही. संपकऱ्याला वाण्याची उधारी आणि डोक्यावरचे छप्पर वस्तीतच मिळे. म्हणून वस्ती ज्याच्या हाती, संपही बव्हंशी त्याच्या हाती असे. युनियनच्या गिरणी समित्यांचे महत्त्व येथेच आहे. गाऱ्हाणे घेऊन जाण्यासाठी दादाखेरीज दुसरे दार त्यांनी कामगाराला दाखविले.