रिबोअर केलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल

आजची गोष्ट चेन्नईतल्या गिंडीची आहे आणि तिची सुरुवात माझ्या चुकीने होते.

वडिलांची जुनी ३५० सीसी बुलेट माझ्याकडे आली तेव्हा ती धूर ओकत होती. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपात इंजिन उघडले, सिलिंडर रिबोअर करून घेतला, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. मिस्त्री म्हणाला, "साधं मिनरल ऑइल घाला, सार." मला वाटले, वडिलांची गाडी, तिला स्वस्तातले ऑइल कशाला? मी दुकानातले सगळ्यात महाग सिंथेटिक ऑइल घातले आणि गाडी अगदी जपून, हळूहळू चालवली. हजार किलोमीटर झाले तरी निळा धूर होताच.

असे का झाले? रिबोअरनंतर सिलिंडर होन करतात, म्हणजे त्याच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकते आणि त्यांचे उंचवटे रिंगांशी घासून सपाट होतात. तेव्हाच रिंग भिंतीला घट्ट बसते. म्हणजे सुरुवातीला थोडी झीज हवीच! घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले ऑइल हीच झीज रोखू शकते. शिवाय रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः जळणाऱ्या वायूचा दाब. मी इंजिनावर भारच दिला नाही, त्यामुळे तो दाबही अपुरा पडला. भिंत गुळगुळीत झाली, रिंगा बसल्याच नाहीत आणि ऑइल जळत राहिले.

आता जरा मागे जाऊ. इंजिनाचे वंगण एके काळी आपल्या ओळखीचे एरंडेल होते. १९०९ साली वेकफिल्ड कंपनीने एरंडेल मिसळलेले ऑइल काढले आणि एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल म्हटले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिने एरंडेलावरच चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पुढे खनिज तेलाने त्याची जागा घेतली. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ऑइलचे तीन वर्ग केले: रेग्युलर म्हणजे निव्वळ खनिज तेल, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. ऑइल दरवेळी सुधारत गेले, पण ती सुधारणा मुख्यतः चालत्या, बसलेल्या इंजिनासाठी होती.

त्या काळी नवी गाडीसुद्धा रुळवावी लागे. इंग्लंडात मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी चिठ्ठी लावून लोक हळू जात. कारखान्यातले होनिंग सुधारले तशी ती चिठ्ठी गेली. आज काही नव्या मोटारी सिंथेटिक ऑइल भरूनच बाहेर पडतात आणि त्यात काही चूक नाही. पण वर्कशॉपात हाताने उभ्या केलेल्या जुन्या इंजिनाला अजून जुनाच नियम लागतो.

गिंडीची वसाहत १९५८ सालची, देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. ती उभी राहिली तेव्हा राज्याचे उद्योगमंत्री होते आर. वेंकटरामन, जे पुढे राष्ट्रपती झाले. छोट्या कारागिराला तयार शेड मिळावी हा तिचा हेतू होता. त्याआधी तीन वर्षे, १९५५ मध्ये, याच शहरात बुलेटची जुळणी सुरू झाली होती. या शहराच्या मिस्त्रींचे हात या इंजिनाला पिढ्यान् पिढ्या सरावले आहेत. मी ऐकले नाही, एवढेच.

सिलिंडर पुन्हा होन केला, रिंगा पुन्हा नव्या घातल्या. या वेळी साधे २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल. त्यात झिंक-फॉस्फरसचे द्रव्य पुरेसे आहे ना, तेवढे पाहिले, कारण बुलेटच्या कॅमवर सपाट टॅपेट घासतात आणि तिथली झीज मात्र नको असते. गाडी एका जागी उभी करून घुरघुरत ठेवली नाही. मध्यम भार दिला, वेग कमी-जास्त केला. पन्नास किलोमीटरवर ऑइल काढले तर त्यात धातूची बारीक चमक होती. ती झीज कामाची होती. पुन्हा पाचशेवर बदलले. धूर थांबला.

नंतर वडिलांची जुनी वही चाळताना १९८४ च्या रिबोअरची नोंद सापडली: "ऑइल साधेच. ५०० ला बदलले." ती आधी वाचली असती तर एक रिंग-सेट वाचला असता. तुमच्या घरात अशी वही असेल, तर इंजिन उघडण्याआधी ती उघडा.