संपकालीन प्रवास विमा

संपकालीन प्रवास विमा म्हणजे वाहतूक कर्मचाऱ्यांच्या संपामुळे प्रवास रद्द झाल्यास, लांबल्यास किंवा अर्ध्यावर सोडावा लागल्यास प्रवाशाच्या आर्थिक हानीची भरपाई करणारे विमासंरक्षण होय. भारतात ही सहसा स्वतंत्र पॉलिसी नसते. प्रवास विम्याच्या पॉलिसीतील ते एक कलम असते, आणि प्रत्येक पॉलिसीत ते असतेच असे नाही. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटच्या यात्रेच्या अनुषंगाने या संरक्षणाचे स्वरूप व मर्यादा दिल्या आहेत.

विमापत्रातील 'संप'

मोटार विम्यात व आगीच्या विम्यात 'दंगल व संप' हे शब्द आढळतात. तेथे त्यांचा संबंध मालमत्तेच्या नासधुशीशी असतो. संपाच्या वेळी दगडफेकीत गाडीची काच फुटली तर तो दावा मोटार विम्यात बसतो. न आलेल्या बसशी त्याचा काही संबंध नाही. आयआरसीटीसीच्या ई-तिकिटासोबत एक रुपयाहूनही कमी हप्त्यात मिळणारा ऐच्छिक विमा हा अपघाती मृत्यू, अपंगत्व व रुग्णालयाच्या खर्चापुरता आहे. एस.टी.च्या तिकिटामागे २०१६ पासून घेतला जाणारा १ रुपयाचा अधिभारही अपघातग्रस्तांच्या साहाय्यासाठीच आहे. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची अट असते. तेवढ्यापुरती काढलेली पॉलिसी विमानतळावरील संपात उपयोगी पडेलच असे नाही. 'विमा काढला आहे' या वाक्याने प्रवासी निर्धास्त होतो, तो बहुधा या गफलतीमुळेच.

अक्कलकोटचे उदाहरण

श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्याने प्रसिद्ध असलेले अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. सोलापूर–वाडी लोहमार्गावरील अक्कलकोट रोड स्थानक गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर असल्याने रेल्वेने आलेल्या यात्रेकरूलाही पुढे रस्त्याचाच आधार घ्यावा लागतो. अनेक भाविक याच फेरीत कर्नाटकातील गाणगापूरही करतात; त्यामुळे एकाच यात्रेचा भार दोन राज्यांच्या परिवहन महामंडळांवर असतो. एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटकातील परिवहन कर्मचाऱ्यांचा संप ७ ते २१ तारखेपर्यंत चालला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेरीस महाराष्ट्रात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला.

राज्य शासनात विलीनीकरण ही या दुसऱ्या संपाची मुख्य मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ रोजी कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. दरम्यान १८ डिसेंबर २०२१ ची दत्तजयंती आणि ३ एप्रिल २०२२ चा स्वामींचा प्रकट दिन (चैत्र शुद्ध द्वितीया) हे दोन्ही उत्सव संपकाळातच येऊन गेले.

प्रकट दिनासाठी एखाद्याने मार्चमध्ये पॉलिसी घेतली असती, तर तिचा संपासाठी उपयोग झाला नसता. कारण पॉलिसी घेताना संप सर्वांना ठाऊक होता. संप 'अनपेक्षित' असणे ही या संरक्षणाची पहिली अट आहे. याउलट १७ ऑक्टोबर २०१७ रोजी ऐन दिवाळीत सुरू होऊन चार दिवस चाललेल्या एस.टी. संपासारखा संप, पॉलिसी आधी घेतली असल्यास आणि तीत संपाचे कलम असल्यास, दाव्यास पात्र ठरू शकतो. येथेही मेख आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २२ नुसार सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत संपाची पूर्वसूचना देणे आवश्यक होते. अशी नोटीस वृत्तपत्रांत आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीवर कंपनी 'पूर्वज्ञात घटना' असा आक्षेप घेऊ शकते, मग प्रत्यक्ष संप पुढे कधीही होवो.

भरपाईच्या मर्यादा

आगाऊ भरलेली व परत न मिळणारी रक्कम हाच दाव्याचा गाभा असतो. वाहतूकदाराने परत केलेले पैसे त्यातून वजा होतात. रेल्वेने गाडीच रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. म्हणजे दाव्यासाठी उरते ते निवासाचे आरक्षण व पुढील जोडप्रवास. विमान कंपनीला संपासारख्या आवाक्याबाहेरील कारणासाठी वेगळी नुकसानभरपाई देण्यातून सूट असली, तरी रद्द उड्डाणाचा परतावा द्यावा लागतो.

अक्कलकोटच्या सामान्य यात्रेकरूची हानी मात्र वेगळ्या जातीची असते. तो एस.टी.चे आरक्षण क्वचितच करतो. त्याचे पैसे जातात ते सोलापूरहून दामदुप्पट भाड्याने केलेल्या जीपमध्ये. हा जादा खर्च मिळण्यासाठी पॉलिसीत पर्यायी वाहतुकीचे कलम असावे लागते. विलंबाच्या दाव्यात ठरावीक तास उलटून जावे लागतात, आणि 'सार्वजनिक वाहन' या व्याख्येत राज्य परिवहनाची बस येते की केवळ विमान व रेल्वे, हेही पाहावे लागते. विमाधारक स्वतः संपात सहभागी असल्यास संरक्षण सहसा लागू होत नाही.

दावा व तक्रार

सेवा रद्द झाल्याचे वाहतूकदाराचे लेखी प्रमाण, मूळ तिकीट, आरक्षणाच्या पावत्या व परताव्याचा तपशील ही मुख्य कागदपत्रे होत. बंद आगारातून असे प्रमाणपत्र मिळवणे ही संपकाळातील खरी अडचण असते. महामंडळाचे प्रसिद्धिपत्रक किंवा त्या दिवशीचे वृत्तपत्र जपून ठेवावे. ते पूरक पुरावा म्हणून जोडता येते. दावा फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. सोलापूर जिल्हा पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो.