एकविसावा दिवस कोणाचा?

मनवेलपाड्यातल्या वन-रूम-किचनमध्ये कुत्रा पाळणं अवघड, मांजरावरून शेजाऱ्यांशी वाद. मग पोरांच्या हट्टापायी पांढऱ्या उंदरांची जोडी घरात येते. विकत घेताना नर-मादी कोणी नीट तपासत नाही. मादीचे दिवस भरायला 21 ते 23 दिवस लागतात, आणि एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात. ती जरा मोठी झाली की आईपासून कधी वेगळी करायची हा प्रश्न येतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तरही पाठोपाठ येतं: एकविसाव्या दिवशी.

आधी या उत्तराची बाजू मी नीट मांडतो. पिल्लांचे डोळे चौदाव्या-पंधराव्या दिवशी उघडतात. सतराव्या दिवसाच्या आसपास ती दाणा कुरतडू लागतात. जगभरच्या प्रयोगशाळांत पिल्लं एकविसाव्या दिवशी आईपासून काढतात आणि ती जगतात, वाढतात. शास्त्रज्ञांनाच 21 दिवस पुरतात, तर घरच्यांनी जास्त का थांबावं? विक्रेता तर याच्याही पुढे जातो. त्याच्या मते डोळे उघडले आणि तोंड चालू लागलं की पिल्लू विकायला तयार.

या मतातला खरा भाग मान्य आहे. एकवीस दिवसांचं पिल्लू आईवाचून मरत नाही. पण प्रयोगशाळेने तो दिवस कशासाठी निवडला हे पाहायला हवं. उंदराची मादी व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर सोबत असेल तर पिल्लांना पाजत असतानाच तिच्या पोटात पुढचं वेत वाढत असतं. म्हणून तीन आठवड्यांनी पिंजरा मोकळा करावा लागतो. शिवाय प्रयोगासाठी सगळे प्राणी एकाच वयाचे, एकसारखे वाढलेले हवे असतात. म्हणजे एकविसावा दिवस ही संस्थेची सोय आहे. पिल्लाच्या शरीराने तो ठरवलेला नाही.

पिल्लाचं शरीर काय सांगतं? 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल लिऑन आणि हॉवर्ड मोल्ट्झ यांनी दाखवलं, की चौदाव्या दिवसाच्या सुमारास आईच्या विष्ठेला एक विशिष्ट गंध येऊ लागतो. त्या गंधाने पिल्लं तिच्याकडे ओढली जातात, ती विष्ठा खातात, आणि आईच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यांच्या पोटात जातात. ऐकायला किळसवाणं वाटलं तरी पिल्लाच्या आतड्याची घडण यातून होते. हा गंध ओसरतो सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास. एकविसाव्या दिवशी पिल्लू उचललं, तर ही देवघेव ऐन मध्यावर तुटते. आई-पिल्लांना कोणी हात लावला नाही, तर थोडंफार दूध पिणं पाचव्या आठवड्यापर्यंतही चालू राहतं.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी रानटी उंदरांच्या थोरांपुढे दोन प्रकारचं खाणं ठेवलं. त्यातल्या एकात मळमळ आणणारं औषध होतं. थोरांनी ते टाळलं. पुढे त्याच खाण्यातलं औषध काढून टाकलं, तरी लहानग्यांनी त्याला तोंड लावलं नाही. थोर जे खात होते तेच त्यांनी खाल्लं. घरच्या पिंजऱ्यातही हे दिसतं. आई भाताचं शीत खाऊन वळली की पिल्लू तिच्या तोंडाशी नाक नेतं, मिशा फडफडवत हुंगतं आणि मग वाटीकडे जातं. आईच्या श्वासातला वास त्याला नव्या खाण्याची खात्री देतो. नव्या घरी एकटंच आलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू खायला बिचकतं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

तिसरं, खेळ. पिल्लांची कुस्ती, मानेत नाक खुपसणं, उलटं पाडणं हे सगळं चौथ्या-पाचव्या आठवड्यात भराला येतं. त्या काळात एकटं ठेवलेलं पिल्लू पुढे इतर उंदरांशी नीट जुळवून घेऊ शकत नाही.

म्हणून माझं मत असं: 28 दिवसांच्या आत कोणालाही हलवू नये. पण याच्या उलट टोकाचा, ‘राहू देत आईपाशी, ती हाकलेल तेव्हा पाहू’ हा कनवाळू पक्षही मला मान्य नाही. मादी पिल्लं पाच-सहा आठवड्यांत माजावर येऊ लागतात, आणि उंदीर आई-बहीण ओळखून थांबत नाही. म्हणून 35व्या दिवसापर्यंत प्रत्येक नर वेगळा झालाच पाहिजे. नर ओळखणं कठीण नाही. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात जास्त असतं, आणि चार आठवड्यांच्या नराचे वृषण, विशेषतः मेच्या उकाड्यात, स्पष्ट लोंबलेले दिसतात.

या 28 ते 35च्या मधला नेमका दिवस वजन ठरवतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करावं. धष्टपुष्ट नर आधी काढावेत, रोडका भाऊ शेवटी. असं टप्प्याटप्प्याने केलं की आईचं दूधही हळूहळू आटतं, आचळं ठणकत नाहीत. वेगळे केलेले भाऊ एकत्रच ठेवावेत. मुलींना आईपासून तोडायचं काही कारणच नाही. त्या तिच्याजवळ जन्मभर राहिल्या तरी चालतं. बापाला मात्र मादी विण्याआधीच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावं, नाहीतर नवं वेत येऊन पडतं आणि घरच्यांनाही प्रयोगशाळेसारखी एकविसाव्या दिवसाची घाई करावी लागते.

विकत घेणाऱ्याने दुकानदाराला पिल्लाची जन्मतारीख विचारावी. ती सांगता आली नाही, तर पिल्लू घेऊ नये.